वासुकीचे मुख कोणाच्या हाती?

१८ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेत एक घोषणा झाली. चित्रप्रक्रिया आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या चिप बनविणारी एनव्हिडिया ही कंपनी आपली जुनी प्रतिस्पर्धी इंटेल हिच्यात ५ अब्ज डॉलर गुंतविणार आणि दोघी मिळून नव्या चिप तयार करणार, असे त्या घोषणेचे सार होते. भांडवली बाजाराच्या पानावरची बातमी म्हणून अनेकांच्या नजरेतून ती सुटली असेल. परंतु परवापरवापर्यंत न्यायालयात एकमेकींना खेचणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एकीने दुसरीचे भाग विकत घ्यावेत आणि तेही दुसरी अडचणीत असताना घ्यावेत, ही घटना केवळ शेअर बाजाराची नाही. शस्त्रे, दूरसंचार, बँका, रुग्णालये आणि आता शिक्षणसुद्धा ज्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर अवलंबून आहे, त्या तुकड्याची सूत्रे कोणाच्या हाती राहणार, याचा हा प्रश्न आहे.

नव्वदच्या दशकात ज्या मध्यमवर्गीय घरांत पहिला संगणक आला, त्या घरांना ‘इंटेल इनसाइड’ ही पाटी आठवत असेल. संगणकाच्या पेटीवर चिकटविलेला तो छोटासा निळा शिक्का म्हणजे दर्जाची हमी मानली जाई. संगणक कोणत्याही कंपनीचा असो, त्याच्या पोटात इंटेल आहे ना, एवढेच वडीलमंडळी विचारीत. १९६८ साली रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी स्थापन केलेल्या या कंपनीने १९७१ मध्ये ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला आणि संगणकाचा सारा मेंदू एका चिपवर मावू शकतो हे सिद्ध केले. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या वैयक्तिक संगणकासाठी इंटेलची ८०८८ ही चिप निवडली आणि त्यानंतरची जवळजवळ तीन दशके संगणकाच्या जगात इंटेलचा शब्द अखेरचा ठरला. १९९३ साली आलेल्या पेंटियमचे नाव तर इंग्रजी न येणाऱ्यांच्याही तोंडी रुळले. त्या पेंटियमच्या उभारणीत अग्रभागी असलेले विनोद धाम हे पुण्यात जन्मलेले. भारत सरकारने २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. याच धामांनी १९९५ मध्ये इंटेल सोडली. ते ज्या नेक्सजेन कंपनीत गेले, ती एएमडीने विकत घेतली आणि पेंटियमला टक्कर देणाऱ्या के-६ या चिपच्या कामातही तेच आघाडीवर होते. चिपच्या व्यवसायात माणूस, ज्ञान आणि भांडवल यांना शत्रूच्या गोटात जाण्यास किती कमी वेळ लागतो, याचे हे एक ठळक उदाहरण.

एनव्हिडिया त्या मानाने धाकटी. १९९३ मध्ये जेन्सन हुआंग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ती सुरू केली. हुआंग मूळचे तैवानमधील ताइनानचे. संगणकावरील खेळांची चित्रे अधिक झपाट्याने उमटावीत, एवढाच या कंपनीचा आरंभीचा उद्योग. मोठ्या कंपन्यांना तो पोरखेळच वाटत होता. परंतु चित्रे उमटविण्यासाठी एकाच वेळी हजारो छोटी गणिते सोडवावी लागतात आणि हेच तंत्र पुढे शास्त्रीय आकडेमोडीला व कृत्रिम बुद्धिमत्तेला नेमके लागू पडते, हे हुआंग यांनी इतरांआधी ओळखले. २००६ मध्ये त्यांनी ‘कुडा’ ही आज्ञाप्रणाली पुढे आणली. त्या वेळी बाजाराने तिचे फारसे स्वागत केले नाही. कंपनीने मात्र तिच्यावर वर्षानुवर्षे पैसा ओतला. आज जगभरचे संशोधक आणि अभियंते तिच्यातच वाढले आहेत आणि एनव्हिडियाच्या भोवतालची खरी तटबंदी चिपची नसून या आज्ञाप्रणालीची आहे.

या दोघींचे वैर जुने. इंटेलच्या प्रोसेसरशी जोडणी करणाऱ्या पूरक चिप बनविण्याचा एनव्हिडियाला कितपत अधिकार आहे, यावरून २००९ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. त्याच सुमारास इंटेलने ‘लाराबी’ या नावाने स्वतःची चित्रप्रक्रिया चिप आणण्याचा घाट घातला होता. बाजारात येण्यापूर्वीच तो गुंडाळावा लागला. जानेवारी २०११ मध्ये तडजोड झाली आणि इंटेलने एनव्हिडियाला दीड अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. तेव्हा इंटेल सम्राट होती आणि एनव्हिडिया तिच्या दरबारात हक्क मागणारी मांडलिक. चौदा वर्षांत पारडे असे फिरले की, मांडलिकाने सम्राटाच्या राज्यात भागीदारी विकत घेतली.

पारडे फिरले कसे? त्याची कारणे शोधण्यासाठी कोणा परक्याच्या कारस्थानाकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. मोबाइल फोनसाठी चिप बनविण्याची संधी आली, तेव्हा नफ्याचे प्रमाण कमी म्हणून इंटेलने तिच्याकडे पाठ फिरविली. फोनचा बाजार संगणकाच्या कितीतरी पट वाढला आणि त्या फोनच्या चिप तैवानच्या टीएसएमसी या कंपनीत तयार होऊ लागल्या. ही टीएसएमसी १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी स्थापन केली ती एका साध्या सूत्रावर: स्वतःची चिप बनवायची नाही, दुसऱ्यांच्या आराखड्यानुसार चिप बनवून द्यायच्या. आपण कोणाचेही प्रतिस्पर्धी नाही, हीच तिची सर्वांत मोठी पत. त्यामुळे एनव्हिडिया, एएमडी, अ‍ॅपल हे सारेच तिच्या दारात आले. जगातील सर्वांत प्रगत चिपपैकी सुमारे नव्वद टक्के आज त्या एका बेटावर तयार होतात, ज्या बेटावर चीन आपला हक्क सांगतो. इंटेल मात्र आराखडाही आपला आणि कारखानाही आपला, या जुन्या घरंदाज रीतीने चालत राहिली आणि कारखान्यातील तंत्रात मागे पडत गेली. २०२४ मध्ये तिला १८.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला अमेरिकेच्या सुप्रसिद्ध डाऊ जोन्स निर्देशांकातून तिला वगळण्यात आले. तिच्या जागी आली एनव्हिडिया. नियतीलाही कधी कधी विनोदाची लहर येते.

आता कराराकडे पाहू. एनव्हिडियाने इंटेलचा भाग २३.२८ डॉलरला घेण्याचे ठरविले. घोषणेच्या आदल्या दिवशी बाजारातील भाव २४.९० डॉलर होता, म्हणजे प्रारंभच सवलतीने झाला. घोषणेच्या दिवशी भाव एकदम २३ टक्क्यांच्या आसपास चढला. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या स्पर्धा-नियामकांची मंजुरी मिळाली आणि महिनाअखेरीस २१ कोटी ४७ लाख भाग एनव्हिडियाच्या नावे झाले, तेव्हा बाजारभाव ३६ डॉलरच्या घरात पोहोचला होता. मालकीचा विचार केला तर हा वाटा पाच टक्क्यांहून कमी. व्यवहाराचा दुसरा भाग तांत्रिक आहे. इंटेलने एनव्हिडियासाठी खास मोठ्या संगणककेंद्रांना लागणारे प्रोसेसर तयार करायचे. ते एनव्हिडियाच्या वेगवान जोडणीने तिच्याच चिपशी सांधले जातील. त्याशिवाय घरगुती संगणकांसाठी इंटेलचा प्रोसेसर आणि एनव्हिडियाची चित्रप्रक्रिया एकाच पुडक्यात बसवायची.

इतके सारे असूनही सर्वांत महत्त्वाची गोष्ट या करारात नाही. एनव्हिडियाने आपल्या प्रमुख चिप इंटेलच्या कारखान्यात बनवून घेण्याचे कोणतेही वचन दिलेले नाही. इंटेलला ज्या औषधाची खरी गरज आहे, ते हेच. प्रगत कारखान्याचा खर्च इतका अफाट आहे की, स्वतःच्या मालापुरता तो चालविणे परवडत नाही, बाहेरचे मोठे गिऱ्हाईक हवे. आपल्या पुढच्या पिढीच्या १४-ए या तंत्रासाठी मोठे गिऱ्हाईक मिळाले नाही, तर ते काम थांबवावे लागेल, असे इंटेलने जुलै २०२५ मध्येच आपल्या अहवालात नमूद केले होते. एनव्हिडियाने पैसा दिला, सहकार्य दिले, बाजारात पत दिली, फक्त काम दिले नाही. घरच्या कार्यात अहेर भरघोस आणावा, पण स्वयंपाक मात्र दुसऱ्याच आचाऱ्याला सांगावा, तसला हा प्रकार.

देव आणि दानव यांनी एकत्र येऊन समुद्रमंथन केले, ही कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. मंदार पर्वताची रवी, वासुकीचा दोर आणि दोन्ही टोकांना जन्माचे वैरी. पण त्या कथेतील एका तपशिलाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वासुकीचे मुख धरण्यात मान आहे, असे दानवांना वाटले आणि त्यांनी तेच टोक हट्टाने घेतले. मंथन सुरू झाल्यावर मुखातून निघालेल्या विषारी फूत्कारांनी तेच होरपळले. शेपटीकडे उभे राहिलेले देव त्या मानाने सुखरूप राहिले. भागीदारीत कोण कोणाबरोबर आहे, याहून कोण कोणत्या टोकाला उभा आहे, याला महत्त्व असते. या करारात कारखान्यांचा अवाढव्य खर्च, मागे पडलेले तंत्र, हजारो कर्मचाऱ्यांची कपात हे सारे इंटेलच्या टोकाला आहे. २०२५ च्या जानेवारीत संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाचा निव्वळ नफा जवळजवळ ७३ अब्ज डॉलर होता. तिच्या दृष्टीने ५ अब्ज म्हणजे महिन्याभराच्याही कमाईचा ऐवज नव्हे.

कौटिल्याने राजनीतीची सहा अंगे सांगितली, त्यांत संधी आणि विग्रह यांच्याबरोबरच द्वैधीभावही आहे. एकाशी तह करावा आणि त्याच वेळी दुसऱ्याशी झुंज चालू ठेवावी. एनव्हिडियाचे वर्तन या चौकटीत चपखल बसते. इंटेलशी तह केल्याने एएमडीवर दडपण येते, कारण प्रोसेसर आणि चित्रप्रक्रिया या दोन्ही आघाड्यांवर सारख्या तोलाने लढणारी तीच एक उरली आहे. तैवानवर संकट आलेच, तर अमेरिकेच्या भूमीवर एक दार किलकिले राहते. आणि वॉशिंग्टनमधील सत्ताधाऱ्यांची मर्जीही राखली जाते. बलाढ्य राजा दुबळ्याशी तह करतो, तेव्हा तो स्वतःच्या सोयीसाठी करतो, दुबळ्यावरील प्रेमाने नव्हे. दुबळ्यालाही हे कळत असते. पण त्याला वेळ हवा असतो आणि इंटेलने या कराराने तोच मिळविला.

अशा तहांचे दाखले संगणकाच्या इतिहासात पुष्कळ आहेत. १९८२ मध्ये इंटेल आर्थिक अडचणीत असताना आयबीएमने २५ कोटी डॉलर देऊन तिचे १२ टक्के भाग घेतले होते. पुरवठादार बुडाला तर आपला संगणकही बुडेल, हे आयबीएमला दिसत होते. पाच वर्षांत इंटेल सावरली, आयबीएमने भाग विकले. पुढे तर आयबीएमच्या संगणकापेक्षा त्यातील इंटेलची चिप मोठी झाली. ऑगस्ट १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरील अ‍ॅपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतविले. स्टीव्ह जॉब्स यांनी व्यासपीठावरून ही घोषणा केली, तेव्हा अ‍ॅपलच्या निष्ठावंतांनी सभागृहात निषेधाचे आवाज काढले. मायक्रोसॉफ्टने काही वर्षांतच ते भाग विकून टाकले. ते ठेवले असते, तर त्यांची किंमत काय झाली असती, याचे गणित मांडण्याचा छंद अनेक अर्थपंडितांना जडला आहे. असो.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र २०१२ चे. नेदरलँड्समधील एएसएमएल ही कंपनी अतिसूक्ष्म रेषा कोरणारी प्रकाशयंत्रे बनविते. या यंत्राच्या पुढच्या पिढीसाठी अफाट खर्च येणार होता. तेव्हा इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग या तीन कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी त्या एका कंपनीत भाग घेतले. इंटेलने १५ टक्के, टीएसएमसीने ५ आणि सॅमसंगने ३. तिघांनी मिळून विहीर खणली. पुढे काय घडले? सर्वाधिक पैसा घालणाऱ्या इंटेलनेच ते यंत्र कारखान्यात वापरण्यास सर्वांत उशीर केला. टीएसएमसीने २०१९ मध्ये त्यावर मोठ्या प्रमाणात उत्पादन सुरू केले. इंटेलचा त्या तंत्रावरील पहिला प्रोसेसर बाजारात येण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडला. विहिरीच्या खर्चात मोठा वाटा ज्याचा, त्याचीच शेती कोरडी राहिली. भागीदारीच्या कागदावर किती टक्के लिहिले आहेत, यावरून पीक ठरत नाही. ते राबणाऱ्याच्या हिमतीवर ठरते.

या प्रकरणाला आणखी एक पदर आहे. एनव्हिडिया येण्यापूर्वी महिनाभर आधी इंटेलच्या दारात खुद्द अमेरिकेचे सरकार उभे होते. ७ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इंटेलचे प्रमुख लिप-बू टॅन यांनी राजीनामा द्यावा, अशी जाहीर मागणी केली. चिनी कंपन्यांतील त्यांच्या जुन्या गुंतवणुकीचा आक्षेप त्यामागे होता. चार दिवसांनी दोघांची भेट झाली. २२ ऑगस्टला करार जाहीर झाला: सरकार ८.९ अब्ज डॉलरच्या बदल्यात इंटेलचे सुमारे दहा टक्के भाग घेणार, प्रत्येकी २०.४७ डॉलरला. हा पैसाही नवा नव्हता. २०२२ च्या चिप कायद्यान्वये आणि संरक्षण खात्याच्या एका योजनेखाली जे अनुदान द्यावयाचे ठरले होते, त्याचेच रूपांतर भागभांडवलात करण्यात आले. त्याच आठवड्यात जपानच्या सॉफ्टबँकेने २ अब्ज डॉलर घातले होते. म्हणजे सावकार, सरकार आणि शेजारी असे तिघे पाच आठवड्यांत एका घरात भागीदार झाले.

ज्या देशाने आणि त्याच्या प्रभावाखालील वित्तसंस्थांनी दशकानुदशके इतर राष्ट्रांना उद्योगातून सरकारने अंग काढून घ्यावे असे पाठ दिले, त्या देशाच्या सरकारने एका खासगी कंपनीचा सर्वांत मोठ्या भागधारकांपैकी एक होणे, यावर टाळ्या पिटाव्यात की हसावे? वास्तविक यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. चिपच्या बाबतीत अमेरिका खुल्या बाजाराच्या भरवशावर कधीच राहिली नव्हती. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांनी स्मृतिचिपच्या बाजारात तिला हटविले. इंटेलला १९८५ मध्ये तो धंदाच सोडावा लागला. तेव्हा १९८६ मध्ये जपानवर करार लादण्यात आला आणि १९८७ मध्ये चौदा अमेरिकी कंपन्यांचा ‘सेमाटेक’ हा संयुक्त संशोधन संघ उभा राहिला. त्याला संरक्षण खात्यातून दरवर्षी १० कोटी डॉलर मिळत. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे उद्योग तेथे एका छताखाली आले आणि त्याचे नेतृत्व केले ते इंटेलचेच संस्थापक रॉबर्ट नॉइस यांनी. राष्ट्राचे हित पणाला लागले की, बाजाराची पोथी फडताळात ठेवायची, ही त्यांची रीत जुनी आहे. तिचा राग मानण्यापेक्षा ती नीट समजून घेणे अधिक हिताचे.

तथापि सरकार भागीदार झाले म्हणजे उद्योग तरलाच, असेही नाही. ब्रिटिश सरकारने १९७८ मध्ये ‘इन्मॉस’ नावाची चिप कंपनी स्वतःच्या पैशाने काढली होती. तिचे ‘ट्रान्सप्युटर’ हे प्रोसेसर काळाच्या पुढचे मानले गेले. पण १९८४ मध्ये सरकारने तिला विकले, आणखी पाच वर्षांत ती पुन्हा विकली गेली आणि ब्रिटनचे चिपमधील ते स्वप्न विरले. जर्मनीचे उदाहरण तर ताजे आहे. माग्डेबुर्ग येथे इंटेलने प्रचंड कारखाना उभारावा म्हणून जर्मन सरकारने सुमारे १० अब्ज युरोचे साह्य देऊ केले होते. जुलै २०२५ मध्ये इंटेलने तो प्रकल्पच रद्द केला. आणि अमेरिकेतही एक प्रश्न अनुत्तरित राहतो. ज्या सरकारच्या निर्यातपरवान्यावर एनव्हिडियाचा चीनमधील व्यापार अवलंबून आहे, तेच सरकार इंटेलचे भागधारक झाल्यावर एनव्हिडियाने इंटेलमध्ये घातलेला पैसा कितपत निव्वळ व्यापारी बुद्धीने घातला असेल? सरकारचा या व्यवहाराशी संबंध नव्हता, असे हुआंग यांनी सांगितले. ते खरेही असेल. पण राजाचा वाडा शेजारी असला की, आवाज न देताही हाक ऐकू जाते.

आता आपल्या घराकडे वळू. इन्मॉसचे नाव वर आले ते सहज आलेले नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तो महासंगणक देण्यास नकार दिला. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. या यशाचा अभिमान प्रत्येक भारतीयाला वाटतो आणि तो वाटलाच पाहिजे. परंतु त्या ‘परम’च्या पोटात कोणती चिप होती, हे किती सभांतून सांगितले जाते? ती होती इन्मॉसचीच ट्रान्सप्युटर. अनेक छोट्या प्रोसेसरांना एकत्र जुंपण्याचे बुद्धिकौशल्य आपले होते, प्रोसेसर परके होते. ‘परम’च्या कर्तृत्वाला याने बाध येत नाही. स्वदेशी हा शब्द उच्चारताना मात्र आपण कोठे थांबतो आणि कोठे थांबू नये, याचे भान त्यातून यावयास हवे.

मोहालीची कथा अधिक जिव्हारी लागणारी. तेथील सरकारी सेमिकंडक्टर प्रकल्पात १९८४ मध्ये चिपचे उत्पादन सुरू झाले. तैवानची टीएसएमसी त्या वेळी जन्मालाही आली नव्हती. फेब्रुवारी १९८९ मध्ये या प्रकल्पाला भीषण आग लागली आणि सारे भस्मसात झाले. आगीनंतर कोणताही उद्योग पुन्हा उभा करता येतो. आपण तो पुन्हा उभा केला तो रखडत, जणू एखाद्या कचेरीची डागडुजी करावी तसा. दरम्यान तैवान, कोरिया आणि चीन कोठल्या कोठे निघून गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांना भेट म्हणून देण्यात आलेला ‘विक्रम’ हा अवकाशयानांसाठीचा प्रोसेसर याच मोहालीत तयार झाला. अग्निबाणाला जे सोसावे लागते, ते सोसणारी ही चिप खरोखर कौतुकास पात्र आहे. तिचे तंत्र १८० नॅनोमीटरचे आहे. तैवानचे कारखाने आज ३ आणि २ नॅनोमीटरची भाषा बोलतात. नॅनोमीटरचे हे आकडे आता मोजमापापेक्षा पिढीची नावे बनले आहेत, हे मान्य केले तरी अंतर लपत नाही.

आज चित्र पालटू लागले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. गुजरातेत धोलेरा येथे टाटा समूह तैवानच्या पीएसएमसी कंपनीच्या तंत्रसाह्याने ९१,००० कोटींचा कारखाना उभारीत आहे, आसामात जागीरोड येथे चिपची जोडणी व चाचणी करण्याचा प्रकल्प आहे, साणंदमध्ये आणखी काही. धोलेऱ्यात बनणार आहेत त्या प्रामुख्याने २८ नॅनोमीटर आणि त्याआधीच्या पिढ्यांच्या चिप. यावर नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांनी मोटारी, वीजमीटर, धुलाईयंत्रे आणि दूरसंचार यांना लागणाऱ्या बहुसंख्य चिप याच पिढ्यांच्या असतात, हे ध्यानात घ्यावे. शाळेत न जाता महाविद्यालयात कोणी पोहोचत नाही.

परंतु कारखान्याची भिंत उभी राहिली म्हणजे स्वावलंबन आले, असे मानून आपल्यापैकी जे सत्कारसमारंभांच्या तयारीला लागले आहेत, त्यांनी इंटेल-एनव्हिडियाच्या कराराचा कागद जरूर पाहावा. त्यात ज्या गोष्टीची किंमत लावली गेली, ती भिंतींची नाही. प्रोसेसरचा आराखडा, त्यावर चालणारी आज्ञाप्रणाली, जोडणीचे तंत्र आणि त्यांचे परवाने यांची ती किंमत आहे. जगातील चिप-आराखडा करणाऱ्या अभियंत्यांपैकी सुमारे वीस टक्के भारतीय आहेत, असे सरकारी निवेदनांतून अभिमानाने सांगितले जाते. इंटेलचे मोठे केंद्र बंगळुरूत आहे, एनव्हिडियाचे बंगळुरू, हैदराबाद आणि पुण्यात. म्हणजे या दोन कंपन्यांच्या नव्या संयुक्त चिपचा काही भाग पुण्यातील एखाद्या मराठी घरातील मुलगी किंवा मुलगा रेखाटीत असेल, हे अगदी शक्य आहे. तिचा पगार उत्तम असेल, घरच्यांना तिचे कौतुक असेल. तिने रेखाटलेल्या रेषेवर मालकी मात्र कॅलिफोर्नियाची राहील. करार झाला तेव्हा तिला कोणी विचारले नाही आणि उद्या करार मोडला, तरी कोणी विचारणार नाही. इंटेलने गेल्या दोन वर्षांत जगभर जी हजारोंची कपात केली, तिची झळ कोणत्या घराला लागली हे ज्याचे त्याला ठाऊक.

या मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. परदेशी कंपनीची नोकरी म्हणजे परधर्म, असली बाष्कळ भाषा करून कोणतीही चिप तयार होत नाही. प्रश्न आहे तो तिने नोकरी सोडून स्वतःचा आराखडा घेऊन बाहेर पडायचे ठरविले, तर पुण्यात किंवा नाशिकात तिच्यामागे उभा राहणारा भांडवलदार आहे काय, हा. जमिनीच्या तुकड्यात आणि गृहसंकुलात कोट्यवधी रुपये गुंतविणाऱ्या आपल्या धनिकांना जी वस्तू बाजारात येण्यास पाच वर्षे लागतील आणि कदाचित येणारही नाही, तिच्यात पैसा घालण्याची छाती नाही. कुडासाठी एनव्हिडियाने बाजाराची नाराजी पत्करून जितकी वर्षे वाट पाहिली, तितकी वर्षे आपल्याकडील किती संचालक मंडळे वाट पाहतील? सरकारी योजनेने कारखान्याच्या खर्चाचा निम्मा भार उचलता येतो. धीर मात्र अनुदानातून येत नाही.

आणखी एका बाबीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये, सत्तांतराच्या तोंडावर, अमेरिकेने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिप कोणत्या देशाला किती द्यायच्या याची एक नियमावली काढली. त्यात देशांच्या प्रती लावण्यात आल्या आणि ज्यांना बंधनाविना चिप मिळतील, अशा अठरा देशांच्या यादीत भारत नव्हता. मे महिन्यात नव्या प्रशासनाने ती नियमावली मागे घेतली आणि आपल्याकडे सुटकेचा निःश्वास टाकला गेला. जे एका सहीने मागे घेतले जाते, ते दुसऱ्या सहीने परतही येऊ शकते. महासंगणक नाकारला गेला होता, तो असाच.

८ डिसेंबर २०२५ रोजी टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि इंटेल यांच्यात सामंजस्य करार झाला. इंटेलच्या काही वस्तूंचे उत्पादन आणि जोडणी टाटांच्या धोलेरा व आसाम येथील प्रकल्पांत करता येईल काय, याची चाचपणी त्यातून होणार आहे. ज्या इंटेलच्या दारात तीन भागीदार येऊन बसले, ती आता भारतात जोडीदार शोधीत आहे. अडचणीत असलेला बलवान जितक्या अटी मान्य करतो, तितक्या तो सावरल्यावर करीत नाही, हे आयबीएमने १९८२ मध्ये ओळखले आणि हुआंग यांनी २०२५ मध्ये. टाटांच्या कराराचा जो मसुदा पुढे कधी तरी अंतिम होईल, त्यात इंटेलची चिप आपल्या छताखाली केवळ पुडक्यात भरली जाणार की तिच्या आराखड्यातला काही भाग आपल्याही नावावर लागणार, याची बोलणी करण्याची वेळ ही आहे. इंटेलचा शेअर तर एव्हाच वर चढू लागला आहे.